फायदा देशाचा, फटका कोणाला?

लालबाग-परळच्या गिरण्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: जागतिकीकरण आलं आणि गिरण्या गेल्या. भाषणांतून, पुरवण्यांतून ते इतक्यांदा आलं आहे की त्यातल्या तारखा कोणी तपासून पाहत नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आर्थिक उदारीकरण आलं १९९१ च्या जुलैत, म्हणजे साडेनऊ वर्षांनी. तेव्हाही परदेशी कपड्यासाठी दारं सताड उघडली नव्हती. तयार ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची बंधनं त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. त्यांतल्या शेवटच्या ७१५ वस्तूंची बंधनं उठली १ एप्रिल २००१ रोजी. गिरणगाव उद्ध्वस्त होत होतं तेव्हा मुंबईच्या बाजारात रीतसर आयात झालेलं परदेशी कापड जवळजवळ नव्हतंच.

मग गिरण्यांचं काम गेलं कुठे? भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. १९५६ पासून सरकारने गिरण्यांना मागांची संख्या वाढवायला जवळपास मनाई केली होती. हेतू हातमाग वाचवण्याचा होता, पण ती जागा यंत्रमागांनी घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये चार-सहा माग, बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, प्रॉव्हिडंट फंड नाही, युनियन नाही. असं विणलेलं कापड गिरणीच्या कापडापेक्षा स्वस्त पडणारच. अनेक गिरणीमालकांनी नफा नव्या यंत्रांत घातला नव्हता, आणि संप लांबला तसं त्यांनी विणकामच यंत्रमागवाल्यांकडे वळवलं. १९९१ या सालाचा गिरण्यांशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली आणि सूत कातण्यापेक्षा जमीन विकणं कितीतरी फायद्याचं ठरलं.

हा तारखांचा काथ्याकूट नाही. दोष परदेशी मालाला दिला की उपायही तसाच सुचतो: आयातशुल्क वाढवा, सीमा बंद करा. पण त्या काळी शुल्काची भिंत होती तितकी उंच पुढे कधीच राहिली नाही. १९९० मध्ये भारताचं सरासरी आयातशुल्क ८० टक्क्यांच्या वर होतं. त्या भिंतीच्या आतच, देशाची एकही सीमा न ओलांडता, पगारी आणि सुरक्षित काम कमी मजुरीच्या असुरक्षित कामात बदललं. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या पराभवाचं कारण चुकीचं नोंदवलं, तर त्यातून काही शिकता येत नाही.

परदेशी मालामुळे नोकऱ्या जातच नाहीत, असा मात्र याचा अर्थ नाही. तोही गैरसमजच, आणि तो बराच काळ अर्थतज्ज्ञांनीच जपला.

‘एक काम गेलं तर दुसरं मिळतं’

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेलं उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही पहिल्या वर्षी शिकवलं जातं. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला १०० माणसं लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक वाइन करायला इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस, तरीही पोर्तुगालने वाइन आणि इंग्लंडने कापड करून देवाणघेवाण केली तर दोघांचाही फायदा होतो. हे गणित बरोबर आहे आणि दोनशे वर्षांत कोणी खोडून काढलेलं नाही. पण पोर्तुगालमधला विणकर उद्या द्राक्षाच्या मळ्यात जाऊन तितकंच कमावेल, हे त्या गणितात गृहीत धरलेलं आहे.

चीन ११ डिसेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि हे गृहीतक अमेरिकेत तपासलं गेलं. २००० साली अमेरिकेतल्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लोक काम करत होते. २०१० मध्ये १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरले. ही सगळी घट चीनमुळे झाली, असं तिथले राजकारणी सांगतात. ते खरं नाही. यंत्रं, मंदी, बदललेली मागणी अशी इतर कारणंही होती. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तिघांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९० ते २००७ या काळातल्या घटीचा साधारण पाव हिस्सा चिनी आयातीच्या खाती लावला. १९९९ ते २०११ या काळासाठी ऑटर आणि सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या हिशोबात २० ते २४ लाख रोजगार गेले असं निघालं.

एवढ्या मोठ्या देशात हा आकडा पचण्यासारखा वाटतो. तो पचला नाही, कारण तो देशभर पसरला नव्हता. फर्निचर, कापड, पादत्राणं, खेळणी बनवणाऱ्या मोजक्या गावांवर तो कोसळला. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल, नॉर्थ कॅरोलायनातलं हिकरी ही फर्निचर आणि कापडावर जगणारी गावं. कारखाना बंद पडला की कामगारांसोबत न्हावी, उपाहारगृहवाला, घर विकणारा असे सगळेच अडचणीत आले. सिद्धान्ताप्रमाणे लोकांनी दुसरीकडे जायला हवं होतं. गेले फार थोडे. कर्ज काढून घेतलेलं घर विकलं जाईना, आईवडील म्हातारे, नवराबायकोपैकी एकाची नोकरी तिथेच. अपंगत्व भत्त्यावर जगणाऱ्यांची संख्या वाढली, तरुणांची लग्नं कमी झाली, आणि दहा वर्षांनंतरही मजुरी सावरली नव्हती.

ब्राझीलमध्ये तर त्याहून वाईट दिसलं. तिथे १९९० च्या सुमारास आयातशुल्क झपाट्याने उतरवलं गेलं. राफाएल डिक्स-कार्नेरो आणि ब्रायन कोवाक यांनी ज्या भागांना जास्त झळ बसली तिथल्या मिळकतीचा माग काढला. काळाबरोबर जखम भरून यायला हवी होती; वीस वर्षांनंतरचा फटका दहा वर्षांनंतरच्या फटक्याच्या जवळपास तिप्पट निघाला.

भारताचं काय? इथे दोन उलट गैरसमज शेजारीशेजारी नांदतात. एक म्हणतो, १९९१ ने गरिबी वाढवली. दुसरा म्हणतो, १९९१ ने गरिबी सर्वत्र सारखीच हटवली. पेट्या टोपालोव्हा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी जिल्हावार आकडे तपासून जे दाखवलं ते दोन्हींना गैरसोयीचं आहे. ग्रामीण भारतात गरिबी कमी होत होती. पण ज्या जिल्ह्यांतल्या पिकांवरचं आणि उद्योगांवरचं शुल्क जास्त उतरलं, तिथे ती कमी होण्याचा वेग इतरांपेक्षा मंद होता. त्या जिल्ह्यांतून लोक कामासाठी फारसे हललेही नाहीत. शेती, जात, भाषा, रेशनकार्ड, सोयरिक, सगळं एका गावाशी बांधलेलं असताना माणूस बाजारभाव पाहून जिल्हा बदलत नाही.

‘गरीब देशात व्यापाराने विषमता कमीच होते’

वोल्फगांग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांचा १९४१ चा सिद्धान्त सांगतो की देशाकडे जे मुबलक आहे त्याला व्यापारातून जास्त मोल मिळतं. गरीब देशाकडे मुबलक असतात कमी शिकलेले कष्टकरी हात. म्हणजे व्यापार वाढला की इथल्या मजुराचा पगार साहेबाच्या पगारापेक्षा वेगाने वाढायला हवा.

बांगलादेशात निदान त्या दिशेने काही घडलं. तयार कपड्यांच्या कारखान्यांत तिथे सुमारे ४० लाख लोक काम करतात, त्यांत बहुसंख्य बाया, आणि देशाच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा तिथूनच येतो. कारखान्यांच्या जवळपासच्या खेड्यांत मुली जास्त वर्षं शाळेत टिकल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली, असं रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक यांच्या अभ्यासात आढळलं. याच उद्योगात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेवर माणसं मेली. भिंतींना तडे गेलेले असताना कामगारांना आत पाठवलं गेलं होतं. नोकरी मिळाली म्हणून न्याय मिळाला असं होत नाही. किमान वेतन ३,००० टाक्यांवरून ५,३०० झालं ते त्या मृत्यूंनंतर, आणि १२,५०० झालं ते २०२३ च्या अखेरीस, रस्त्यावर उतरलेल्या कामगारांमुळे.

भारतात मात्र सिद्धान्त उलटा पडला, आणि मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना अशा देशांतही. पिनेलोपी गोल्डबर्ग आणि नीना पावच्निक यांनी २००७ मध्ये अशा देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा व्यापार खुला झाल्यानंतर शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या पगारातलं अंतर बहुतेक ठिकाणी वाढलेलं दिसलं. कारण समजायला अवघड नाही. परदेशी कंपनी जे काम इथे पाठवते ते तिच्या देशात साधं मानलं जातं, पण इथे त्यासाठी इंग्रजी येणारा पदवीधर लागतो. फोनवर ग्राहकाची तक्रार ऐकणं अमेरिकेत बारावी झालेल्याचं काम. पुण्यात त्याच खुर्चीवर इंजिनिअर बसला. शिवाय आयात केलेली यंत्रं चालवायला आठ शिकलेले लागतात आणि ती ऐंशी न शिकलेल्यांना घरी बसवतात.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात थेट रोजगार आहेत सुमारे ५८ लाख. १७ कोटींच्या बांगलादेशात एकट्या कपडेशिलाईने ४० लाख रोजगार दिले, हे लक्षात घेतलं तर १४० कोटींच्या देशासाठी ५८ लाख किती तोकडे आहेत ते कळतं. हिंजवडीतल्या पगारांनी वाकड-बाणेरची घरं महाग केली. विदर्भातल्या कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं फारसं पोहोचलं नाही. व्यापार तिच्या दारापर्यंत नेणारा उद्योग म्हणजे शिलाईचा, आणि तोच महाराष्ट्रात आणि देशात मागे राहिला. युरोपात भारतीय कपड्यांवर दहा टक्क्यांच्या आसपास शुल्क लागत होतं तेव्हा बांगलादेशचा माल अतिमागास देशांच्या सवलतीत २००१ पासून बिनशुल्क जात होता. हा फटका कुठल्याही आयातीचा नव्हता, म्हणून त्याची कधी बातमी झाली नाही.

‘शुल्क लावलं की नोकऱ्या वाचतात’

वाचतात, थोड्या; आणि किंमत भलतीच पडते. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या वॉशिंग मशीनवर जादा शुल्क बसवलं. वॉशिंग मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर कोणतंच नवं शुल्क नव्हतं, तरी त्याही जवळपास तितक्याच चढल्या, कारण लोक दोन्ही एकत्र घेतात. कारखान्यांत साधारण १,८०० नवे रोजगार आले. ग्राहकांना वर्षाला दीड अब्ज डॉलर जास्त मोजावे लागले. एका रोजगारामागे आठ लाख डॉलरहून जास्त, असा हिशोब शिकागो विद्यापीठ आणि फेडरल रिझर्व्हच्या अभ्यासकांनी मांडला.

भारताचा अनुभवही तिकडेच बोट दाखवतो. १९९१ नंतर सुटे भाग, रसायनं, यंत्रं स्वस्त झाली तेव्हा देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली त्यांतल्या ३१ टक्क्यांमागे कच्च्या मालावरची शुल्ककपात होती. आयात आणि देशी रोजगार हे नेहमीच एकमेकांचे शत्रू नसतात. पुष्कळदा आयात केलेल्या बेअरिंगवरच पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपचं काम चालतं.

शुल्क कोणी दुसऱ्याने लावलं की त्याची धग कशी लागते ते भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिलं. अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेलं. बांगलादेश आणि व्हिएतनामवर ते २० टक्के होतं. तिरुपूरचे होजिअरी कारखाने, सुरतचे हिरे घासणारे, आंध्रचे कोळंबी उत्पादक आणि अंधेरीच्या सीप्झमधले दागिने घडवणारे कारागीर, कोणाचाही दोन सरकारांमधल्या या भांडणाशी संबंध नव्हता.

‘कांदा स्वस्त झाला की गरिबाचं भलं होतं’

या गैरसमजात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो इतका टिकाऊ. गरीब माणूस कमाईचा मोठा वाटा अन्न आणि कपड्यांवर खर्च करतो, आणि सेवांपेक्षा अशा वस्तूंचा देशोदेशी व्यापार जास्त होतो. पाब्लो फायगेलबाउम आणि अमित खंडेलवाल यांनी अनेक देशांचे आकडे घेऊन हिशोब केला: व्यापार पूर्ण बंद झाला तर तळच्या दहाव्या पायरीवरच्या माणसाची खरी मिळकत सरासरी ६३ टक्क्यांनी घटेल, वरच्या नव्वदाव्या पायरीवरच्याची २८ टक्क्यांनी. स्वस्त आयातीवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम तेल थांबलं तर पहिली झळ झोपडपट्टीतल्या कढईला लागेल.

पण गरीब फक्त खातो असं नाही, तो पिकवतोही. तेलावरचं शुल्क उतरलं की लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि शेतकरी त्याखाली माल विकत होते. त्या सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, पुढच्या मे महिन्यात ते १० टक्क्यांवर आणलं. एकाच वर्षात पेरणी एका धोरणावर आणि विक्री दुसऱ्यावर.

कांद्याचं तर याहून बिकट. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये ती उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी पूर्ण बंदी. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण टनामागे ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क शून्यावर आलं १ एप्रिल २०२५ रोजी.

डिसेंबरची बंदी कोणावर पडली ते पाहण्यासारखं आहे. त्या दिवसांत बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो टिकत नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवता येतो. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. ज्याच्याकडे चाळ आहे, हाताशी पैसा आहे, तो उन्हाळी कांद्यासाठी भाव सुधारायची वाट पाहू शकतो. निफाड-चांदवडकडचा दोन एकरवाला लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला आणतो तेव्हा लिलावात जो भाव निघेल तो त्याचा भाव. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या, गोणी भरणाऱ्या बाया, हमाल, मापारी, ट्रकवाले. निर्यातीची प्रतवारी थांबली की या सगळ्यांची रोजी थांबते. बेरोजगारीच्या कुठल्याही तक्त्यात हे लोक दिसत नाहीत, कारण ते रोजंदारीवर असतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काही शोधतात. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार एक टक्काही नाही. शहरातल्या घरखर्चात जी गोष्ट इतकी छोटी आहे, तिच्यासाठी एका अख्ख्या तालुक्याचा वर्षाचा हिशोब उलटा करणं अन्यायाचं आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

परदेशी गिऱ्हाईकही असे धक्के विसरत नाही. २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस असं सांगितल्याचं एका जाहीर कार्यक्रमात बोलून दाखवलं होतं. त्यानंतर बांगलादेशने स्वतःचं उत्पादन वाढवण्यावर भर दिला आणि पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा घ्यायला सुरुवात केली. बंदी सहा महिन्यांत उठते. गेलेला बाजार तितक्या लवकर परत येत नाही.

व्हिएतनामने १९९० च्या दशकात नेमकं उलट केलं. तांदळाच्या निर्यातीवरची मर्यादा हळूहळू सैल केली. १९९३ ते १९९८ या काळात तांदळाचा भाव सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. महागाईने गरीब मरतील ही भीती तिथेही होती. एरिक एडमंड्स आणि पावच्निक यांनी घराघरांचे आकडे पाहिले, तर खेड्यांत बालमजुरी घटली होती: भात विकणाऱ्या घरांची कमाई वाढली आणि पोरं शेतातून निघून शाळेत गेली. भात विकत घेणाऱ्या घरांना तोटा झाला, हेही त्याच आकड्यांत आहे.

ज्याचा तोटा होतो त्याला काय द्यायचं, हा प्रश्न अमेरिकेने निदान कायद्यात आणला होता. १९६२ पासून तिथे आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नवं प्रशिक्षण देणारी योजना होती. तिचा लाभ घेतलेल्या कामगारांनी दहा वर्षांत तशाच इतर कामगारांपेक्षा एकूण सुमारे ५० हजार डॉलर जास्त कमावले, असं बेंजामिन हायमन यांच्या अभ्यासात दिसलं. २०२२ च्या जुलैत तिची मुदत संपली आणि नव्या कामगारांसाठी ती बंद झाली, तीही आयातीविरुद्धचा आवाज सर्वांत मोठा असताना.

भारतात अशी योजना कधी झालीच नाही. २०२३ मध्ये निर्यातशुल्क लावल्यावर केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने कांदा खरेदी जाहीर केली आणि राखीव साठ्याचं लक्ष्य तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेलं. पण तो साठा पुढे भाव पाडण्यासाठीच बाजारात सोडला जातो, आणि खळ्यावरच्या बायांना त्या खरेदीतून काहीच मिळत नाही. निर्यातशुल्क म्हणून गोळा झालेली रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होते. तीच रक्कम त्याच हंगामात, त्याच बाजार समित्यांच्या नोंदी पाहून, विकणाऱ्या शेतकऱ्यांना आणि नोंदणीकृत हमाल-मापाऱ्यांना देता येईल. खळ्यावरच्या बायांची नोंदच नसते, ती आधी करावी लागेल. आणि निर्यातीबाबतचा निर्णय रोपं टाकण्याआधी जाहीर करणं बंधनकारक करता येईल, म्हणजे लाल कांद्यासाठी निदान जूनमध्ये आणि उन्हाळीसाठी सप्टेंबरात.